खेचरवाल्याचे कोरडे मोजे

अर्धे मटार सोलून झाले होते. टरफलं जुन्या वर्तमानपत्रावर, दाणे पातेल्यात आणि राहिलेल्या शेंगा मांडीवरच्या ताटात, असा पसारा घेऊन सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून किल्लीबाबांनी हाक मारली, "अगं, तो दुसरा भाग कुठं ठेवलायस? दे जरा इकडे. आज माझा मीच वाचून बघतो."

सूनबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. पुस्तक कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. पिठाच्या डब्यामागे, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून तिनंच ते ठेवलं होतं, आणि त्या डब्यामागे हात घालणारी घरात ती एकटीच. 'सापडत नाही' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण सूनबाईला खोटं बोलता येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. एकदा दारावर कुणी नकोसा पाहुणा आला तेव्हा नवऱ्यानं आतून खूण केली, मी घरात नाही म्हणून सांग. हिनं पाहुण्याला सरळ सांगितलं, आहेत घरात, पण भेटायचं नाही म्हणतात. नवरा त्यावरून बरेच दिवस तोंड फुगवून होता.

अशा बाईनं आयुष्यात एकच मोठं खोटं रचलं होतं आणि ते त्या दुसऱ्या भागाच्या मधोमध होतं. म्हणजे बाबांच्या लेखी होतं. पान उघडून बघितलं तर तिथं ते नव्हतंच, आणि गळ्याशी आलं होतं ते त्यामुळेच.

"देते," ती म्हणाली, "हातातलं एवढं आवरून देते." आणि एरवी भराभर चालणारा तिचा हात एकेक शेंग अशी फोडू लागला, जणू प्रत्येकीत काय निघेल याची तिला उत्सुकता लागली होती.

किल्लीबाबा म्हणजे तिचे सासरे. नाव वेगळं होतं, पण ते सरकारी कागदांपुरतं. सगळा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला. बाजाराच्या रस्त्यावर एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, सरळ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, दोन-तीन कानशी, एक हातोडी आणि मोडक्या कुलपांनी भरलेला पत्र्याचा डबा. दार उघडेना म्हणून बाहेर ताटकळलेली माणसं त्यांना बोलवायला धापा टाकत यायची. बाबा जायचे, कुलपाला कान लावायचे, दार उघडून द्यायचे आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता परत फिरायचे. "दार उघडून देणं माझं काम," ते म्हणत, "आत काय आहे ते बघणं माझं काम नाही." कुणाच्या घरातलं काही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. म्हणून तर लोक बिनघोर त्यांच्या हाती अख्ख्या घराच्या किल्ल्या देत.

मग दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू चढला. सुरुवातीला त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बोटांनी चाचपून काम भागवत राहिले. एक दिवस शेजारच्या शिंपिणीची किल्ली घासताना एक दात जास्त खोल कापला गेला आणि ती किल्ली तिच्या दाराच्या कुलपातच मोडली. शिंपीण बिचारी काही बोलली नाही, उलट चहा घेऊन जा म्हणाली. त्या संध्याकाळी बाबांनी दुकान बंद केलं आणि दुकानाची किल्ली मुलाच्या हातात देऊन टाकली.

कामाचा माणूस रिकामा घरी बसला की घराचं काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. बाबा दिवसभर कड्या-कोयंडे चाचपत हिंडायचे. दिसेल त्या बिजागरीला, म्हणजे हाताला लागेल त्या, तेल घालायचे. न्हाणीघराच्या कडीला त्यांनी इतकं तेल पाजलं की ती लागेचना, आणि आत गेलेल्या माणसाला आपण आत आहोत हे बाहेरच्यांना कळावं म्हणून मोठ्यानं गाणं म्हणत बसावं लागे. सूनबाई देवाची स्तोत्रं म्हणायची, ते ठीक. पण नवऱ्याचा गळा ऐकून शेजाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा तिनं ठरवलं की यांना बसायला काहीतरी कारण दिलं पाहिजे. ग्रंथालयातून एखादं पुस्तक आण, मी वाचून दाखवत जाईन, असं तिनं नवऱ्याला सांगितलं.

नवरा बेकरीच्या गाडीवर होता आणि पाव पोचवायच्या वाटेवरच ग्रंथालय होतं. बाबांनी एकच अट घातली. "जाड आण. बारीक पुस्तकं ओळख होते न होते तोच संपतात." मुलानं कपाटातलं सगळ्यांत जाड पुस्तक उचललं. कशावरचं, कुणाचं, काही बघितलं नाही. पावाच्या ट्रेमध्ये आडवं घालून घरी आणलं, ते उघडल्यावर कित्येक दिवस पानांना ताज्या पावाचा वास येत होता.

ते निघालं तीन भागांतल्या एका महाकादंबरीचा पहिला भाग. सुरुवातीला नुसते नकाशे. त्यानंतर राजांच्या वंशावळी, एका राजाला इतकी मुलं की सूनबाईला वाचता वाचता त्यांच्या आईची कीव आली. गोष्ट अशी होती, की एका मोठ्या देशातल्या सगळ्या चुली विझल्या आहेत. गारठ्याचा सरदार नावाच्या कुणा दुष्टानं फुंकर घातली आणि देशभरातला विस्तव गेला, तो काही केल्या पेटेना. शेवटचा जिवंत निखारा एका मडक्यात घेऊन धाकटी राजकन्या डोंगरांपलीकडच्या देवळाकडे निघाली आहे. तिथला अग्नी त्या निखाऱ्यानं पेटला की सगळ्या चुली पेटतील. बरोबर तिचा हद्दपार झालेला भाऊ, एक तिरंदाज बाई, सदा कोड्यात बोलणारा मांत्रिक आणि सामान वाहणारा एक खेचरवाला.

सूनबाईनं आधी नाक मुरडलं. शिंगं असलेले देव, माणसाशी भांडणाऱ्या नद्या, हे काय वाचायचं? ती भाविक बाई. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. पुस्तक उघडण्याआधी ती मनात म्हणायची, देवा, हे मी बाबांसाठी वाचतेय, माझ्या नावावर धरू नकोस. आणि मग वाण्याचं सामान वाचून दाखवावं तशा आवाजात वाचायची. पण त्या विझलेल्या चुलींपाशी तिचं मन अडकलं ते अडकलंच. देशभर एक चूल पेटत नाही आणि लेखक आपला राजे दरबारात काय म्हणाले ते सांगत बसलाय. बायकांनी काय केलं असेल, तान्ह्यांचं दूध कशावर कोमट केलं असेल, म्हाताऱ्यांच्या अंगावर काय घातलं असेल? ती थांबून बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, लेखकाला विचार. लेखकानं काही सांगितलं नाही.

बाबांची स्वतःची तक्रार वेगळी होती. राजपुत्र तुरुंगात पडला आणि तिरंदाज बाईनं केसातल्या आकड्यानं कुलूप उघडून त्याला सोडवलं, तेव्हा ते खाटेवर उठून बसले. असली कुलपं लावणाऱ्या राजाचं राज्य बुडायलाच हवं, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी घरातलं एक जुनं कुलूप आणि सूनबाईच्या केसातला आकडा मागून घेतला आणि लेखकाला खोटा पाडण्यात अख्खी दुपार घालवली. आकडा वाकला, कुलूप बंदच राहिलं, बाबा खूश झाले.

हळूहळू सूनबाईला सवय लागली ती पुढचं आधी वाचून ठेवायची. कारण साधं होतं. राजपुत्र आणि तिरंदाज बाई अधूनमधून शेकोटीशिवायच्या थंडीत फार जवळ जवळ बसत, आणि सासऱ्यांसमोर ते वाचायचं म्हणजे तिचे कान तापत. म्हणून ती सकाळी स्वयंपाकघरात दूध तापेपर्यंत पुढची पानं चाळून घ्यायची आणि संध्याकाळी वाचताना तशी जागा आली की पानं उलटून म्हणायची, "आणि मग सकाळ झाली." असं बऱ्याचदा झाल्यावर एकदा बाबा शांतपणे म्हणाले, "या राज्यात रात्री भलत्याच आखूड असतात." जेवायला बसलेल्या नवऱ्याला ठसका लागला.

पण सगळ्यांचा जीव जडला तो खेचरवाल्यावर. त्याला लेखकानं नावही दिलं नव्हतं. राजकन्या निखारा जपते, निखारा जपते, असं पानोपानी यायचं. पण त्या निखाऱ्यावर घालायला कोळसा लागतो आणि तो कोळसा पाठीवर घेऊन खेचरं चालतात, हे फक्त खेचरवाल्याला कळत होतं. सगळे मोठमोठं बोलत असताना तो मागून कुरकुरत यायचा. पट्टे सैल झालेत, खेचराला खडा टोचतोय, जरा थांबा. बाबा म्हणत, "इतक्या राजेरजवाड्यांत काम करणारा माणूस हा एकच. बाकीचे नुसते निघालेत." खेचरवाला कुरकुरला की त्यांना बरं वाटायचं. आणि सूनबाईचं तर असं झालं, की सकाळी देवापुढे उभी राहून सगळ्यांसाठी मागणं मागताना, नवऱ्याला नीट गाडी चालवू दे, बाबांना दृष्टी दे, शिंपिणीच्या गुडघ्याला आराम पडू दे, असं म्हणता म्हणता एक दिवस तिच्या तोंडून गेलं, खेचरवाल्याला सांभाळ. म्हटल्यावर तिनं जीभ चावली. नवरा मागे टॉवेल शोधत होता, त्यानं ऐकलं. देवाला आधीच काय कमी माणसं आहेत, आता पुस्तकातलीही बघायची का त्यानं, असं म्हणून तो हसत सुटला. तिनं ते मागणं काही मागे घेतलं नाही.

दुसरा भाग अर्ध्यावर आला तेव्हा डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की आता आणखी थांबाल तर मोतीबिंदू पिकून डोळा हातचा जाईल. बाबांनी कानांवर हात ठेवले. दवाखान्याचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून निजायचे. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. सासूबाई साध्या दुखण्यासाठी म्हणून दवाखान्यात गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. मुलानं समजावलं, सुनेनं हात जोडले, शिंपिणीनं आपल्या मावशीचा डोळा कसा लख्ख झाला ते हातवारे करून सांगितलं. बाबा ढिम्म. शेवटी एका संध्याकाळी, वाचन थांबलं तेव्हा गोष्टीतली माणसं दरीवरच्या दोरांच्या पुलाशी आलेली, मागे गारठ्याच्या सरदाराचं सैन्य, अशा ठिकाणी बाबा म्हणाले, "तो खेचरवाला त्या पुलावरून पार गेला ना, तर मीही जातो म्हणावं तुमच्या दवाखान्यात."

थट्टेत म्हणाले. पण त्यांच्या आवाजात काय होतं ते सूनबाईला कळलं. कुलपाला कान लावणाऱ्या माणसाबरोबर राहून तिचेही कान तयार झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध गॅसवर ठेवून तिनं पुढची पानं उघडली. लेखकानं खेचरवाल्याला पुलावर मारलं होतं. एक दोर तुटला, तेव्हा त्यानं तो आपल्या दंडाला गुंडाळून धरला आणि बाकीचे पलीकडे पोचेपर्यंत धरून ठेवला. मग पूल गेला आणि त्याच्याबरोबर तोही. एवढ्या जाड पुस्तकात त्याच्या वाट्याला त्यासाठी अर्धं पानही आलं नव्हतं. पलीकडे कुणी मागे वळून बघितलं असं लिहिलं नव्हतं. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं, तरी ती तशीच उभी होती.

दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. देवापुढे दिवा लावताना तिनं नेहमीसारखं डोळे मिटून काही मागितलं नाही. डोळे उघडे ठेवून नुसती बघत राहिली, जणू आता जे करणार आहे ते त्यानं बघितलं तर बघू दे.

संध्याकाळी बाबा खाटेवर सरसावून बसले. सूनबाईनं पुस्तक उघडलं. पान समोर होतं, दोर तुटल्याचं तिला अक्षर न् अक्षर दिसत होतं, आणि तोंड भलतंच सांगत होतं. दोर करकरले, पण तुटले नाहीत. खेचरवाला सगळ्यांत शेवटी, खेचरांना शिव्या घालत पार झाला. पुलाच्या ओल्या फळ्यांवरून येताना सगळ्यांचे पाय भिजले होते. पलीकडच्या काठावर राजकन्या भीतीनं रडायला लागली, राजपुत्राला हुडहुडी भरली, मांत्रिकाला तर कोडंसुद्धा सुचेना. तेव्हा खेचरवाल्यानं एक पोतं सोडलं, त्यातून प्रत्येकाला कोरडे मोजे काढून दिले आणि म्हणाला, "आधी पाय पुसा. मग काय रडायचं ते रडा."

सूनबाई थांबली. तिच्या कपाळावर घाम होता. बाबांनी पायांवरची चादर सारखी केली. मग त्यांनी विचारलं, "मोजे लोकरीचे होते का?"

"हो," ती म्हणाली. "लोकरीचेच."

"बरं," बाबा म्हणाले. "डॉक्टरांना सांग, येतो म्हणावं."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, अगदी सुरळीत झालं. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, फक्त सूनबाईचा वर टांगलेला राहिला. कारण डोळ्यावर पट्टी लावून बाबा घरी आले आणि पहिलीच मागणी केली, पुढे वाच. आता खेचरवाला तर लेखकाकडे नव्हता. तो तिलाच पोसायचा होता. कोळसा पुढे एक शिपाई वाहू लागला होता, त्याच्या जागी तिनं खेचरवाल्याला घातलं. रोज एक-दोन वाक्यांची कुरकुर ती भाजी चिरता चिरता तयार करून ठेवायची. लाकडं ओली आहेत, पीठ सांभाळून वापरा, रात्री खिडकीशी निजू नका, असं काहीबाही. एकदा वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यात तिनं त्याला आणलं, पण खेचरांचं विसरली. बाबांनी लगेच विचारलं, "खेचरं कुठायत?" पागेत आहेत, असं तिनं गडबडीनं सांगितलं. त्यांना खायला घातलं का, असं विचारल्यावर तिला वैरणीचाही एक परिच्छेद जागच्या जागी जमवावा लागला. आणि पुढे राजपुत्र खेचरवाल्याच्या आठवणीनं ढसाढसा रडतो अशी जागा आली, तिथं तर ती पुरती फसली. घाईत तिनं त्याचा घोडा मारला. "घोड्यासाठी इतका रडला?" बाबा म्हणाले. "माणूस दिसतो तेवढा वाईट नाही."

दुसरा भाग संपला. तिसरा कुणी दुसऱ्या वाचकानं नेलेला होता. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, तो आला की दुसरा परत आणा आणि तिसरा न्या. सूनबाईला तो दुसरा भाग घरातून कधी जातोय असं झालं होतं, पण आधीच परत कर असं नवऱ्याला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून तो पिठाच्या डब्यामागे गेला. मग बाबांचा नवा चष्मा आला, आणि नेमका त्याच सुमाराला बाईंनी निरोप धाडला, तिसरा भाग आलाय. तिसरा सुरू करायच्या आधी मागचं एकदा नजरेखालून घालावं, असं बाबांच्या मनात आलं. आता दिसत होतं ना त्यांना.

सूनबाई उठली. शेंगांचं ताट खाली ठेवलं, हात धुतले, पुसले, परत पुसले. पुस्तक काढून फडक्यासकट बाबांच्या हातात नेऊन दिलं. फडक्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. खुर्ची खिडकीपाशी ओढली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पुस्तक उघडलं. ती परत येऊन मटारांपुढे बसली. आतून पानं उलटल्याचा आवाज येत होता. आधी एकदम खूप पानं. ते सुरुवातीपासून वाचत नव्हते, काहीतरी शोधत होते. मग एकेक पान. मग आवाज थांबला.

तो इतका वेळ थांबला, की तिला वाटलं उठून बघावं. आता बाबा काय म्हणतील? या घरात तिच्या शब्दावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवत. बाबा तर खरंच डोळे मिटून ठेवत आले होते. तिनं दिलेला शब्द खरा धरून ते त्या ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन निजले होते. काही झालं असतं म्हणजे? हा विचार इतके दिवस तिनं दाबून ठेवला होता, तो आता वर आला.

खुर्ची सरकली. बाबा आले आणि भिंतीला हात लावत तिच्यासमोर खाली बसले. ताटातली एक शेंग उचलून त्यांनी फोडली, चष्म्याखालून निरखली आणि बाजूला काढली. "किडकी आहे ही. दिसली बघ मला." मग दुसरी घेतली. काही शेंगा तशाच सोलून झाल्या.

"वाचलं मी पुलाचं," ते म्हणाले.

"बाबा, मी तुमच्याशी..."

"थांब. मला माहीत होतं ते." त्यांनी दाणे पातेल्यात टाकले. "अगं, या माणसांनी किती नद्या ओलांडल्या? एकदा तरी पाय पुसले होते का कुणी? लेखकाला बिचाऱ्याला ठाऊकच नाही पाय ओले होतात ते. आणि त्या दिवशी अचानक पोत्यातून लोकरीचे मोजे. मी म्हटलं, हा खेचरवाला आपल्या स्वयंपाकघरातून निघालाय."

सूनबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं पदरानं दोन्ही पुसलं. "मग कळलं होतं तर गेलात कशाला ऑपरेशनला?"

"दारावरच्या माणसाला खोटं सांगवत नाही तुला. आणि माझ्यासाठी तू अख्खा माणूस खेचरांसकट पुलावरून ओढून आणलास. त्यानंतर भिंतीकडे तोंड करून निजायला तोंड राहिलं होतं का मला?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, कळलेलंच होतं तर आज मुद्दाम शोधून वाचलंत कशाला. हातातल्या शेंगेची शीर बाबांनी टोकापासून सावकाश ओढून काढली.

"तुझी सासू गेली तेव्हा मी घरी आलो होतो," ते म्हणाले. "दवाखान्यातली फरशी गार लागते, माझ्या चपला आणा म्हणाली. मी चपला घेऊन परत गेलो." त्यांनी शीर टरफलांत टाकली. "त्या खेचरवाल्याकडे पलीकडून कुणी मागे वळूनही बघितलं नाही. म्हटलं, याच्याजवळ तरी कुणी असावं. म्हणून ते पान उघडं ठेवून बसलो जरा."

दोघंही सोलत राहिली. ताट रिकामं झालं. सासूबाई गेल्याचं इतक्या वर्षांत बाबांच्या तोंडून आज पहिल्यांदा बाहेर पडलं होतं. सूनबाईनं मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. कशासाठी ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मग तिनं बाबांना आपलं ठरवलेलं सांगितलं. यापुढे जे लिहिलंय तेच वाचणार. इतके दिवस देवापुढे उभं राहताना तिला जड जात होतं, ते आता नको.

"वाच की," बाबा म्हणाले. "पण मला माझा खेचरवालाही हवाय. असं कर. पुस्तक उघडं असेल तोवर लेखकाचं. मिटलंस की तुझं. आता मला दिसतंय, कधी उघडं आहे नि कधी मिटलंय ते." उठता उठता त्यांना काही आठवलं. "आणि त्या तिरंदाज बाईच्या रात्री आहेत तशाच राहू दे, आखूड."

सूनबाईचे कान तापले. तिनं टरफलांचा कागद गोळा केला, मटार धुऊन झाकून ठेवले. दुसरा भाग फडक्यातून सोडवून पिशवीत घातला आणि त्यावर ग्रंथालयाचं कार्ड ठेवलं. नवरा आज लांबच्या फेरीवर होता, तेव्हा तिसरा भाग आणायला तिलाच जायचं होतं, आणि वाटेत औषधाच्या दुकानातून बाबांच्या डोळ्यात घालायचे थेंब.